पुरून उरणारी कारवी



सह्याद्रीतला एखादा गड चढताना तुम्ही कारवीच्या रानातून नक्कीच गेला असाल. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीहून वर गेलेल्या सरळ काठ्यांची दाटी असते. पावसाळ्यात त्यांवर मोठी, खरबरीत, ठळक शिरांची पाने येतात. उन्हाळ्यात पाने झडतात आणि नुसत्या काठ्या उरतात. निसरड्या चढावर आपण याच काठ्यांना धरून वर सरकतो. डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांवर घराच्या भिंतींसाठी कारवीचा कूड करतात आणि त्यावर शेणमातीचा लेप देतात. एकूण कारवी म्हणजे रोजच्या उपयोगाचे, कोणाच्या विशेष नजरेत न भरणारे झुडूप.

पण हे झुडूप एक असे काम करते, की जे तुम्हांआम्हांला भिंतीवरच्या कॅलेंडरावाचून जमणार नाही. ते वर्षे मोजते! सात वर्षे ते फुलाचे नावही काढत नाही. आठव्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, डोंगराच्या उतारावरची सारी कारवी एकदम फुलते. उतारच्या उतार जांभळानिळा होतो. मधमाश्यांची झुंबड उडते. मग बी धरते आणि झुडूप मरून जाते. आयुष्यात फुलोरा एकदाच.

असे का? आणि सगळ्यांनी मिळून एकाच वर्षी का? मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. पण हा प्रश्न सोडवायला वनस्पतिशास्त्राइतकीच साध्या अंकगणिताची गरज लागते, म्हणून तो आज तुमच्यापुढे मांडतो.

कारवीचे घराणे

कारवी ही ‘स्ट्रोबिलँथस’ या प्रजातीतली एक जाती आहे. वनस्पतींच्या वर्गीकरणात जवळच्या जातींची मिळून एक प्रजाती होते आणि जवळच्या प्रजातींचे मिळून एक कुल होते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. स्ट्रोबिलँथस हे नाव ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२६ साली दिले. ग्रीक भाषेत ‘स्ट्रोबिलोस’ म्हणजे शंकू आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल. कळ्यांभोवती पानांसारखे छद एकावर एक बसून शंकूसारखा आकार होतो, म्हणून हे नाव. ही प्रजाती अडुळशाच्या कुलातली. तुमच्या अंगणातली अबोली आणि कोरांटीही त्याच कुलातल्या. म्हणजे कारवी ही अबोलीची रानातली नातेवाईकच म्हणायची.

या प्रजातीत साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांत काही मऊ खोडाच्या लहान वनस्पती आहेत, तर काही मोठी झुडपे. आशियाच्या उष्ण प्रदेशांत, विशेषतः डोंगराळ भागांत, त्या पसरलेल्या आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर टोपली कारवी आढळते. पालथ्या टोपलीसारखा तिच्या झुडपाचा आकार असतो, त्यावरून हे नाव पडले.

यांतल्या काही जाती दरवर्षी फुलतात. पण काहींनी वर्षे मोजण्याची विद्या साधली आहे. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांवरची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मुन्नारच्या परिसरात ती २००६ आणि २०१८ साली फुलली. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका जातीचा फुलोरा दर सहा वर्षांनी येतो, असे तिथल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केले. घराणे एकच, पण कोणाचा हिशेब सहाचा, कोणाचा आठाचा, तर कोणाचा बाराचा!

सात की आठ?

इथे एक शंका दूर करू. कारवी सात वर्षांनी फुलते असे काही लोक सांगतात, काही आठ म्हणतात. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ साली फुलली, मग २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली. वजाबाकी केली तर अंतर आठ येते. पण २००८ आणि २०१६ यांच्या मधली कोरी वर्षे मोजा : २००९ ते २०१५. ती सातच भरतात. बहुतेक ठिकाणी भांडण आकड्याचे नसते, मोजण्याच्या रीतीचे असते. आठ खांबांमध्ये सातच गाळे असतात, तसाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळ्या सह्याद्रीची कारवी एकाच वर्षी फुलते असे नाही. एका डोंगराचे वर्ष एक, तर दुसऱ्याचे दुसरे. म्हणून कुठे ना कुठे ती फुललेली सापडते. पण एका उतारावरची झुडपे मात्र बहुतांशी एकजूट राखतात.

एकजुटीचे गणित

कारवीचे बी अनेकांना आवडते. किडे आहेत, उंदीर आहेत, पाखरे आहेत. आता एक उतार कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. आकडे मी सोयीसाठी घेतो आहे. या उतारावर कारवीची ८०० झुडपे आहेत आणि प्रत्येक झुडूप १०० बिया देते.

पहिली रीत अशी : दरवर्षी १०० झुडपे फुलतात. म्हणजे वर्षाला १०,००० बिया. खाणाऱ्यांना दरवर्षी नियमित शिधा मिळतो. त्यांची संख्या त्या शिध्याला बेताची होईल इतकी वाढते. समजा, ते वर्षाला १०,००० बिया फस्त करू शकतात. शिल्लक काय? शून्य. आठ वर्षांत ८०,००० बिया झाल्या आणि ८०,००० खाल्ल्या गेल्या.

दुसरी रीत अशी : सात वर्षे कोणीच फुलत नाही आणि आठव्या वर्षी ८०० च्या ८०० झुडपे फुलतात. त्या एका वर्षी ८०,००० बिया पडतात. खाणाऱ्यांनी अगदी पोट फुटेस्तोवर खाल्ले, तरी १०,००० संपतात. ७०,००० उरतात. शिवाय मधली सात वर्षे हे बी मिळतच नसल्याने खाणाऱ्यांची संख्याही फारशी वाढलेली नसते. म्हणजे प्रत्यक्षात शिल्लक याहून जास्तच.

पाहिलेत? दोन्ही रीतींत बियांची एकूण संख्या तीच, पण एकीत हाती काही लागत नाही आणि दुसरीत आठांतले सात हिस्से वाचतात. आपल्याकडे ‘पुरून उरणे’ असा वाक्प्रचार आहे. कारवी खाणाऱ्यांना अक्षरशः पुरून उरते. बांबूही कित्येक वर्षे थांबून एकदम फुलतो. त्याचे हेच कारण असावे, असे डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली मांडले होते. कारवीच्या वर्तनाचा उलगडाही बहुतेक शास्त्रज्ञ याच विचाराने करतात.

आता एखादे झुडूप हिशेब चुकले आणि पाचव्याच वर्षी फुलले तर? त्याच्या १०० बिया आणि समोर सारी भुकेली तोंडे! एकही बी वाचणे कठीण. म्हणजे चुकणाऱ्याला वंशज उरत नाहीत. अचूक मोजणाऱ्यांना उरतात आणि ती सवय त्यांच्या संततीत उतरते. पिढ्यान्‌पिढ्या ही चाळणी चालू राहिली की सगळा उतार एका तालावर येतो. कोणी शिट्टी वाजवत नाही, कोणी हुकूम सोडत नाही. तरीही कवायत बिनचूक होते.

मोजणी कशी होते?

कोणत्याही घड्याळाला दोन गोष्टी लागतात. एक, ठरावीक काळाने पुन्हापुन्हा घडणारी घटना आणि दुसरी, ती घटना किती वेळा घडली याची नोंद. भिंतीवरच्या घड्याळात लंबकाचे आंदोलन ही घटना असते आणि दातेरी चाके नोंद ठेवतात.

कारवीजवळ पुन्हापुन्हा घडणारी घटना कोणती, हे उघड आहे. पावसाळा येतो, पाने फुटतात. उन्हाळा येतो, पाने झडतात. हा एक हेलकावा. नोंदीचे काय? वनस्पती ऋतूची आठवण ठेवू शकतात, हे मात्र पक्के ठाऊक आहे. कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. कांद्याने पुरेशी थंडी भोगली की त्याला डेंगळे येतात, म्हणजे फुलाचा दांडा निघतो. थंडी सरून गेल्यावरही ती ‘झाली आहे’ याची खूण पेशींत राहते. पण एक हिवाळा लक्षात ठेवणे वेगळे आणि आठ पावसाळे मोजणे वेगळे. कारवीच्या पेशींतली ही दातेरी चाके शास्त्रज्ञांना अजून उलगडून दाखवता आलेली नाहीत. तुमच्यापैकी कोणाला तरी हे काम करायचे आहे!

अशा शोधाला सुरुवात कशी करावी, याचा एक सुंदर नमुना किड्यांच्या बाबतीत मिळतो. अमेरिकेत सिकाडा नावाचा कर्कश ओरडणारा कीटक आहे. त्याची पिल्ले सतरा वर्षे जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस पीत राहतात आणि मग सगळी एकदम बाहेर येतात. ती गेलेला काळ मोजतात की झाडाचे ऋतू मोजतात? काही संशोधकांनी पंधरा वर्षांची पिल्ले पीचच्या झाडांच्या मुळांशी सोडली आणि त्या झाडांना एकाच वर्षात दोनदा फुलायला लावले. पिल्ले एक वर्ष आधीच बाहेर आली! म्हणजे ती झाडाचे ऋतू मोजत होती. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. प्रश्न नेमका विचारला की निसर्ग उत्तर देतो, तो असा.

बी कधी सुटते?

कारवीची हुशारी फुलण्यापाशी संपत नाही. फुलोरा सरला की बोंडे धरतात, ती वाळतात आणि मेलेल्या काठ्यांवर तशीच राहतात. हिवाळा जातो, उन्हाळा जातो. पुढच्या जूनमध्ये पावसाचे पहिले थेंब पडले की रानात तडतड आवाज येऊ लागतो. बोंडे फुटत असतात! ओल आल्याखेरीज बी जमिनीवर पडतच नाही.

यात पदार्थविज्ञान आहे. बोंडाच्या दोन शकलांतले थर वाळताना सारखे आकसत नाहीत. त्यामुळे शकले बाहेर वाकू पाहतात, पण मधली शिवण त्यांना धरून ठेवते. ताणलेल्या धनुष्यासारखी ऊर्जा साठून राहते. पाण्याने शिवण सैल झाली की शकले फाटकन उघडतात आणि आतल्या बारीक आकड्या बियांना गलोलीसारख्या भिरकावतात. याच कुलातल्या एका रुएलियाच्या बिया सेकंदाला दहा मीटरहून अधिक वेगाने सुटतात आणि सेकंदाला सोळाशेपर्यंत गिरक्या घेतात, असे २०१८ साली वेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले. गिरकीमुळे चपटी बी हवेत कडेवर स्थिर राहते आणि तिला हवेचा अडथळा कमी होतो.

करून पाहा : अबोलीचे तपकिरी, पूर्ण वाळलेले कणीस आणा. ताटात ठेवून त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि थोडे दूर होऊन थांबा. डोळे जपा. बोंडे फट्कन फुटतील. बी किती अंतरावर पडली ते पट्टीने मोजा.

पुरून उरणे कधी थांबते?

आता मघाचे गणित पुन्हा काढा, पण झुडपे ८०० ऐवजी ८० घ्या. बाकीचा उतार रस्त्यासाठी, घरांसाठी किंवा खाणीसाठी खोदला गेला आहे, असे समजा. आठव्या वर्षी ही ८० झुडपे मिळून ८,००० बिया देतील. खाणारी तोंडे मात्र आसपासच्या रानातून येतात, त्यांची भूक तितकीच राहिली. ८,००० उणे १०,००० म्हणजे काय? शिल्लक नाहीच. उरलेल्या ८० झुडपांना कोणी हात लावलेला नाही. तीही इमानाने मोजून, ठरल्या वर्षी फुलली. तरी पुढची पिढी नाही. एकजुटीवर जगणाऱ्याला एका संख्येच्या खाली जाणे परवडत नाही.

दुसरा धोका वणव्याचा. आठ वर्षांची सारी बचत जानेवारीपासून जूनपर्यंत वाळक्या काठ्यांवर टांगलेली असते आणि डोंगराला वणवे लागतात तेही याच महिन्यांत. ज्या वर्षी कारवी फुलली, त्याच्या पुढचा उन्हाळा त्या उताराच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. सात वर्षे काहीच न घडणाऱ्या रानाकडे पाहून ‘नुसते झुडूप तर आहे’ असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. तिथे मोजणी चालू असते.

तुम्ही काय कराल? गावाजवळचा कारवीचा एक उतार निवडा. तो कोणत्या वर्षी फुलला होता, हे गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. वहीत जागा आणि वर्ष लिहून ठेवा. दर पावसाळ्यात एक फेरी मारून नोंद करा. अशा साध्या वहीतूनच कोणत्या डोंगराचे वर्ष कोणते, याचा नकाशा तयार होऊ शकेल.

आणि शेवटी एक उदाहरण सोडवायला देतो. बोरिवलीची कारवी आपला ताल न मोडता पुढे कोणत्या वर्षी फुलेल? त्या वर्षी तुमचे वय किती असेल? आणि नीलकुरिंजी व बोरिवलीची कारवी या दोघी एकाच वर्षी फुलण्याचा योग कधी तरी येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घाईने ‘हो’ देऊ नका. आधी २०१८ पासूनची आणि २०२४ पासूनची वर्षे दोन ओळींत मांडा, मग प्रत्येक वर्षाला चाराने भागून बाकी काय उरते ते पाहा.