बारा गावचं पाणी प्यायलेला मिडफिल्डर

टॉटनहॅम, वुल्व्ज, बार्न्सली, टोरँटो. मग हंगेरी, मोल्दोव्हा, जर्मनीतलं विल्हेल्म्सहाफेन, डब्लिनचा शॅमरॉक रोव्हर्स, इंग्लंडमधलं एक्सेटर, 2012 मध्ये गोव्याचा धेंपो आणि पुढे इक्वेडोर, थायलंड, हाँगकाँग. 1982 साली जन्मलेल्या, आर्सेनलच्या अकादमीत घडलेल्या रोहन रिकेट्स या इंग्लिश मिडफिल्डरने एका कारकिर्दीत एवढे देश पालथे घातले. वाटेत जे भोगलं ते त्याने झाकून ठेवलं नाही. हंगेरीत आणि मोल्दोव्हात पगार थकल्याचं त्याने स्वतः उघडपणे सांगितलं. परदेशी क्लबचं बोलावणं आलं की हुरळून जाणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी त्याची वाटचाल नीट पाहावी.

अशी भटकंती दरवेळी खेळ कमी पडला म्हणून होते असं नाही. टॉटनहॅमला रिकेट्स गेला तेव्हा ग्लेन हॉडल तिथे मॅनेजर होता. पुढे हॉडल वुल्व्जला गेला आणि रिकेट्सही तिथे पोहोचला, आधी लोनवर, नंतर कायमचा. 2006 मध्ये हॉडलने पद सोडलं, मिक मॅकार्थी आला आणि काही महिन्यांत रिकेट्स क्वीन्स पार्क रेंजर्सकडे लोनवर. मधल्या फळीतल्या खेळाडूची जागा मॅनेजरच्या पसंतीवर फार अवलंबून असते. गोलांचा आकडा त्याच्या नावावर दिसत नाही, म्हणून नव्या माणसाला त्याची किंमत पटवणं अवघड जातं.

टोरँटोत चित्र वेगळं होतं. मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूचा करार क्लबशी नव्हे, थेट लीगशी होतो. तिथून पूर्व युरोपात पाऊल टाकलं की पगाराची सगळी भिस्त एका क्लबच्या मालकावर येते. हा फरक जर्सीवर दिसत नाही, करारात दिसतो.

आणि हे दुखणं एकट्या रिकेट्सचं नाही. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2016 मध्ये 54 देशांतल्या सुमारे 14 हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. 41 टक्के खेळाडूंचा पगार आधीच्या दोन मोसमांत कधी ना कधी उशिरा झाला होता. 45 टक्के जण महिन्याला हजार डॉलरही कमावत नव्हते.

मग करायचं काय? रिकेट्स मोल्दोव्हात होता त्या काळापेक्षा आज खेळाडूच्या हातात जास्त आहे, पण ते वापरायला कागद लागतो. 2018 पासून फिफाच्या नियमात स्पष्ट तरतूद आहे. दोन महिन्यांचे पगार बेकायदेशीरपणे थकले, तर खेळाडूने क्लबला लेखी कळवायचं आणि पैसे भरायला किमान 15 दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर रास्त कारणाने करार मोडता येतो आणि भरपाई मागता येते. नोटिशीत कोणत्या महिन्याची किती रक्कम, ती कोणत्या तारखेला देय होती आणि कोणत्या खात्यात जमा व्हायला हवी, हे ओळीने लिहावं. ईमेल क्लबच्या अधिकृत पत्त्यावर जावा. मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, पगार?’ विचारणं म्हणजे नोटीस नव्हे. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हे ऐकत खेळाडू महिने काढतात आणि तिथेच फसतात. परदेशी क्लबविरुद्धचा दावा फिफाच्या वाद निवारण कक्षाकडे दोन वर्षांच्या आत नेला नाही, तर तो दरवाजाही बंद.

सहीच्या आधीही एक गोष्ट तपासायची. ‘मेडिकल पास झालास आणि वर्क परमिट मिळालं, तरच करार लागू’ असं कलम काही क्लब घालतात. फिफाच्या नियमानुसार कराराची वैधता या दोन्हींवर अवलंबून ठेवता येत नाही. मेडिकल सहीच्या आधीच उरकायला हवी. एजंटने हे सांगितलं नाही, तर तो नेमकी कोणाची बाजू सांभाळतोय हे विचारावंच.

आखाती देशातली ऑफर असेल तर स्थानिक कायदा आधी समजून घ्या. फ्रेंच-अल्जिरियन खेळाडू झाहिर बेलुनिसचा कतारमध्ये पगारावरून वाद झाला. देश सोडायला तेव्हा मालकाची परवानगी लागायची. ती न मिळाल्याने तो कुटुंबासह अडकून पडला आणि 2013 च्या नोव्हेंबरमध्ये कसाबसा पॅरिसला पोहोचला. न्याय मागणाऱ्या माणसाला घरीही जाता येऊ नये, हे संतापजनक आहे. कतारने तो नियम नंतर बदलला, पण प्रत्येक देशाचा कायदा निराळा.

कोल्हापूरच्या तालमींच्या संघांतून किंवा गोव्याच्या वाड्यांवरून वर येणाऱ्या मुलांनी हे परदेशापुरतं समजू नये. 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचं भवितव्य अधांतरी झालं, तेव्हा आपल्याकडेही काही क्लबांनी पगार थांबवले. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांच्यातला वाद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे जातो, आणि बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने 2006 साली उभी राहिलेली खेळाडूंची संघटना त्यात मदत करू शकते. कराराची एक प्रत घरी ठेवावी, बँकेच्या नोंदी दर महिन्याला उतरवून घ्याव्यात आणि सहीआधी मसुदा एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घालावा. त्याची फी एका महिन्याच्या बुडालेल्या पगारापेक्षा बहुधा कमीच असेल.