सांचीच्या कठड्यावरील एक शब्द

सांचीला जाऊन आलेल्या माणसाला तेथे काय पाहिले म्हणून विचारा. तो स्तूपाचा घुमट सांगेल, तोरणांवरचे हत्ती सांगेल. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याविषयी क्वचितच कोणी बोलतो. त्यावर नक्षी नाही, म्हणून नजर ठरत नाही. आज आपण त्या कठड्याचाच इतिहास पाहू.

मूळ स्तूप सम्राट अशोकाच्या काळचा, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातला, आणि विटांचा. पुढच्या शतकात त्यावर दगडाचे कवच चढले व तो जवळजवळ दुप्पट झाला. कठडा त्या वाढीतला; तोरणे त्यानंतरची. अशोकाच्या पाठीशी राजाचा खजिना होता. हा कठडा मात्र लोकांनी एकेक दगड देऊन उभारला. ज्याने खांब दिला त्याचे नाव खांबावर, ज्याने आडवा दगड दिला त्याचे त्या दगडावर. अशी नावे शेकडो आहेत. उज्जैनीचे उपासक आहेत, विणकर, लेखक, व्यापारी आहेत, आणि भिक्खुणी तर कितीतरी! ओळख म्हणून कोणी गाव सांगितले आहे, कोणी धंदा, कोणी अमक्याची आई असे नाते. आपला वर्ण सांगण्याची गरज बहुतेकांना वाटलेली नाही, हे मुद्दाम ध्यानात ठेवा.

पुढे ही लिपीच लोक विसरले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणले, पण त्यावरचा लेख त्याला कोणी वाचून दाखवू शकले नाही. सांचीचेही हाल झाले. १८१८ साली जनरल टेलर तेथे पोहोचले तेव्हा चारपैकी तीन तोरणे उभी होती. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन यांनी आत काय आहे ते पाहण्यासाठी स्तूपाची एक बाजू वरपासून तळापर्यंत फोडली. त्यातून पश्चिमेचे तोरण व कठड्याचा काही भाग ढासळला. तेथील अशोकस्तंभ तर एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, अशी नोंद सर जॉन मार्शल यांनी केली आहे.

कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप त्या काळी ही लिपी वाचण्याच्या खटपटीत होते. दिल्लीच्या स्तंभावरचा लांब लेख दाद देईना. १८३७ साली कॅप्टन स्मिथ यांनी सांचीच्या कठड्यावरील लेखांचे ठसे त्यांच्याकडे पाठविले. हे लेख अगदी तोकडे, पण बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे! प्रिन्सेप यांनी विचार केला : प्रत्येक दगडावर वेगळा लेख आणि शेवट एकच, तेव्हा ही देणगीची नोंद असावी. ती दोन अक्षरे म्हणजे ‘दानं’, आणि त्याआधी येणारे ‘स’ म्हणजे आपल्या मराठीतले ‘चे’. अमक्याचे दान. द आणि न हाती आले आणि थोड्याच अवधीत सगळी वर्णमाला उलगडली. मग दिल्लीच्या स्तंभावर ‘देवानंपिय पियदसि’ राजा बोलू लागला. हा पियदसि म्हणजेच अशोक, हे सिंहलच्या पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर यांनी दाखविले.

राजाच्या शिलालेखाची किल्ली अशी विणकरांच्या आणि भिक्खुणींच्या देणगीत सापडली. शाळेच्या पुस्तकात प्रिन्सेपचे नाव असते, या दात्यांचे नसते.

सांची दूर वाटत असेल तर कार्ल्याला जा. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर याच ब्राह्मी लिपीत दानलेख आहेत. दाते बरेचसे धेनुकाकट नावाच्या गावचे, त्यांत काही यवनसुद्धा. लेख सुरुवातीपासून वाचू नका, शेवटाकडून पाहा. आडव्या, किंचित वाकलेल्या रेघेच्या मध्यावर उभी रेघ दिसली की तो ‘न’, कधी शेजारी अनुस्वाराचा ठिपका. त्याच्या डावीकडे ‘दा’. त्याआधी ‘थभो’ असेल तर खांब दिला आहे, आणि त्याच्याही आधी देणाऱ्याचे नाव.