अक्षता टाकताना वर चढलेला कोट

भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, मी अक्षता टाकायला उजवा हात उचलला आणि हाताबरोबर बंदगळ्याची अख्खी उजवी बाजू वर आली. खालून सदरा बाहेर, वरून कॉलर गळ्यात रुतलेली. मंगलाष्टकं पाच झाली, पाचही वेळा तेच. शेवटी डाव्या हातानं कोट खाली ओढून धरला आणि उजव्या हातानं अक्षता टाकल्या. धाकट्या भावाच्या लग्नाच्या व्हिडिओत थोरला भाऊ आता कायमचा असा दिसणार : पोट धरून उभा!

कोट साधासुधा नव्हता. एका बड्या डिझायनरचं लेबल होतं त्याला, आणि किंमत सांगायची माझी अजून हिंमत होत नाही. आमचं कोगनोळी पुणे-बेंगळूरु महामार्गावर, कागल सोडून कर्नाटकात शिरलं की लागणारं गाव. बस्ता बांधायचा तो निपाणीला नाहीतर कोल्हापूरला आणि शिवायचं ओळखीच्या मास्तरांकडं, ही घरची रीत. ती मोडून मी शहरातल्या दुकानाला फोनवर मापं सांगितली. छाती ४२. “स्लिम फिट ना, सर?” तिकडून विचारणा झाली. मी तोऱ्यात ‘हो’ म्हटलं. ट्रायलचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पार्सल लग्नाच्या चार दिवस आधी आलं. आरशापुढं हात खाली सोडून, पोट आत घेऊन उभा राहिलो. झकास!

हळदीच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकलो आणि गळा आवळला. तसाच निपाणी गाठली. मास्तरांनी अस्तराची एक बाजू उसवली, आत बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. “सर, आत कापडच ठेवलं न्हाई की हो. सोडायचं काय?” मग काखेखाली खडूची रेघ मारून म्हणाले, “आणि खरं दुखणं हे हितं हाय. मुंढा खाली उतरलाय. गेलेलं कापड मी आणू कुठनं?”

मुंढा, म्हणजे बाही जिथं कोटाला जोडली जाते ती गोलाई. मुंढा मोठा आणि खोल असला की हात मोकळा राहील असं कुणालाही वाटतं. होतं उलटंच. मुंढा काखेपासून जितका खाली, तितकी बाही कोटाच्या बाजूला खालपर्यंत बांधलेली. हात उचलला की ती सगळी बाजू ओढत वर नेते. मुंढा काखेच्या जवळ असला की हात एकटा वर जातो, कोट जागेवर राहतो. पॅरिसच्या कोको शनेल याबाबत फार हट्टी होत्या. त्यांच्या जाकिटांचा मुंढा उंच आणि बाही अरुंद असे. शिवाय जाकीट खाली सरळ लटकावं म्हणून अस्तराच्या कडेनं आतून एक बारीक धातूची साखळी शिवलेली असे. बघणाऱ्याला ती दिसत नाही. घालणारीच्या हालचालीत जाकीट मात्र तीच सांभाळते.

दुसरी गोम कोटाच्या पोटात असते. वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये छातीला आकार देणारा एक थर असतो. भारी शिवणकामात तो लोकर आणि घोड्याच्या केसांच्या कॅनव्हासचा असतो आणि हातानं सैल टाके घालून बसवतात. वापरता वापरता तो अंगाचा आकार घेतो. स्वस्त पद्धतीत हाच थर गोंदासारख्या लेपानं, उष्णता देऊन कापडाला चिकटवतात. ड्रायक्लीनिंगच्या फेऱ्यांत तो लेप सुटला की छातीवर फुगे येतात, आणि ते इस्त्रीनं जात नाहीत. चिकटवलेला कोट वाईटच असतो असं नाही, पण त्यासाठी कॅनव्हासचा भाव मोजायचं कारण नाही. तपासणं सोपं आहे. खालच्या बटणाजवळ वरचं कापड एका चिमटीत, अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच अलग करावं. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना लागला तर कॅनव्हास; वरचं कापडच जाड, कडक लागलं तर चिकटवलेला. इटलीच्या जॉर्जिओ अर्मानींनी १९७०च्या दशकात कोटातली ही आतली भरती आणि पॅडिंग कमी करून टाकलं, आणि जगभरच्या पुरुषांचा कोट अंगावर सैलसर, मऊ पडू लागला. तेव्हा प्रश्न थर किती जाड आहे हा नसतो, तो कसा बसवलाय हा असतो.

शब्दांच्या भुलीत तर अजिबात पडू नये. ‘बिस्पोक’ हा त्यातला लाडका शब्द. खरा अर्थ एवढाच की एका माणसासाठी वेगळा नमुना कापून, मध्ये ट्रायल घेत शिवलेला कपडा. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीतल्या पेढ्यांनी २००४ मध्ये संघटना काढली आणि एका सुटाला किमान ५० तासांचं हातकाम असा दंडक घातला. पण २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं यंत्रावर कापलेल्या सुटालाही तो शब्द लावायला मोकळीक दिली. म्हणून दुकानात शब्दाऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात : कापणी माझ्या मापावरून की ठरलेल्या साच्यावरून? कच्च्या शिलाईवर ट्रायल किती? शिलाईच्या आत मार्जिन किती?

दुरुस्तीचंही गणित माहीत असावं. बाहीची लांबी, कंबर, पँटची उंची हे कुठलाही चांगला मास्तर जमवून देतो. खांदा, मुंढा आणि मानेमागं कॉलर सुटून पडणारी फट ही दुखणी कोट जवळजवळ पुन्हा शिवल्याशिवाय जात नाहीत. कोटाची उंची कमी केली की खिसे आणि बटणांचा तोल जातो. जरीकाम बाजूच्या शिलाईवरून पुढं गेलेलं असेल तर आधी ते काम उसवावं लागतं. मखमलीवर आणि रेशमावर जुन्या टाक्यांची रेघ राहून जाते. म्हणून तयार कपडा घेताना खांद्याला बसतो तो घ्यावा, बाकीचं मास्तरांवर सोडावं. ‘४२’ हे अंगाचं माप की कपड्याचं, हेही विचारावं. दोन्हींत काही इंचांची मोकळीक असते, आणि माझा घात तिथंच झाला.

हे सगळं कोगनोळीहून तासाभराच्या वाटेवर जन्मलेल्या एका बाईंना पुरतं कळलं होतं. भानू अथैया कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. भारताच्या वाट्याला आलेलं ते पहिलं. पण शिवणाच्या दृष्टीनं बघावी ती १९६८च्या ‘ब्रह्मचारी’मधली मुमताजची नारिंगी साडी. नाचताना नेसलेली साडी सुटणार, हे ओळखून अथैयांनी ती अंगाबरोबर शिवूनच टाकली, निऱ्यांसकट, चेन लावून. पडद्यावर मुमताज गिरक्या घेते आणि पदर, निऱ्या जिथल्या तिथं. या अंगानं या कपड्यात काय काय करायचं आहे, हे तिथं कात्री लावण्याआधीच ठरलं होतं.

आता चुलत बहिणीचं लग्न आहे. कापड मी दोन महिने आधीच मास्तरांना दिलं. माप देताना लग्नात घालायचाच सदरा घातला, पायात तेच बूट. परवा कच्च्या शिलाईवर ट्रायल झाली. मास्तरांनी मला खुर्चीवर बसवलं, मांडी घालायला लावली, समोर वाकवलं. मग चार पावलं मागं सरकून म्हणाले, “हां, आता टाका बघू अक्षता.”

मी रिकामी मूठ उघडली. खालची कड जागची हलली नाही, फक्त मनगटाशी सदऱ्याची बाही अर्धा इंच डोकावली. मास्तरांनी तिथं खडूनं एक बारीक रेघ मारली.