जब्याचा दगड आणि गरजांची उतरंड

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ मध्ये मानवी गरजांचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते माणसाच्या गरजा पाच प्रकारच्या असतात: अन्न, पाणी, झोप; सुरक्षितता; प्रेम व आपलेपणा; सन्मान; आणि आपल्यातल्या गुणांना पूर्ण वाव. पुस्तकांत त्या पिरॅमिडच्या चित्राने दाखवतात. मला मात्र आजीच्या घरची मडक्यांची उतरंड आठवली. मोठं मडकं तळाशी, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान.

हा सिद्धांत मी जब्याला लावून पाहिला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातला हा शाळकरी मुलगा. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत रायपूरच्या घरी आम्ही सर्वांनी तो पाहिला. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. गावातली डुकरं पकडण्याचं काम जब्याच्या घराकडे आहे.

पहिली गरज अन्नाची. घरी गरिबी इतकी की शाळा बुडवून कामाला जावं लागतं. दुसरी सुरक्षिततेची. झोपडी गावाबाहेर आणि गावातल्या मोठ्या माणसाने सांगितलेलं काम वडील कचरू नाकारू शकत नाहीत. तिसरी आपलेपणाची. आई-वडील आहेत, पिऱ्यासारखा जिवाभावाचा मित्र आहे; पण गाव त्याला आपलं मानत नाही. म्हणजे खालची तिन्ही मडकी अर्धीमुर्धीच भरलेली.

मग जब्याने आधी पोटाचाच विचार करायला हवा होता. पण त्याला हवी असते जीन्स. नाक सरळ व्हावं म्हणून तो नाकाला चिमटा लावतो. वर्गातल्या शालूने आपल्याकडे पाहावं म्हणून काळी चिमणी शोधत रानोमाळ फिरतो. ही चौथी गरज, सन्मानाची. खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असं नाही, हे मास्लो यांनीही लिहिलं आहे. जब्या त्याचं उदाहरण आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी पुढे तीन मानसिक गरजा सांगितल्या: स्वतः निवड करता येणं, काही जमतं आहे असं वाटणं आणि माणसांशी नातं. डुकरामागे धावणं जब्याने निवडलेलं नाही. त्याची धडपड पाहून गाव हसतं. ज्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रं आहेत, तिच्यासमोरून ते डुक्कर वाहून न्यावं लागतं.

आम्हा कॅडेट्सना न विसरता येणारा एक प्रसंग आहे. डुक्कर हाती येणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सारं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. देशाला मान देणाऱ्या या मुलाला गावातलं कोणी मान देत नाही. शेवटी तो दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याच दिशेने येतो.

तो मलाही लागला. आमच्या डॉर्मिटरीत एका ज्युनिअरला त्याच्या चालण्यावरून एक नाव पडलं होतं. मी ते ठेवलं नव्हतं, पण हाक त्याच नावाने मारत होतो. मेसमध्ये त्याला आमच्याइतक्याच पोळ्या मिळत, पलंगही आमच्यासारखाच. तरी तो भराभर जेवून एकटाच निघून जाई. सुट्टीनंतर मी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. त्याने आधी मागे वळून पाहिलं, त्या नावाचं दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

अन्न आणि सुरक्षितता शाळा देते, त्यासाठी आई-बाबा खर्च करतात. आपलेपणा आणि सन्मान मात्र मेसमध्ये वाढला जात नाही. तो आम्ही मुलांनीच एकमेकांना द्यायचा असतो. आता मी त्या ज्युनिअरच्या शेजारी जेवायला बसतो. बाकीच्यांनी ते नाव अजून सोडलेलं नाही. हा लेख वाचून दोघांनी जरी सोडलं, तरी मी तो उगाच लिहिला असं वाटणार नाही.