ज्वारी चिकात आली की राखण तीन आठवड्यांची

रब्बी ज्वारी निसवली आहे. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली मालदांडी संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे चिकात येईल. त्याच सुमाराला सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिवच्या शिवारांत पाखरांचे थवे उतरू लागतील. दरवर्षी या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: छऱ्याची बंदूक घ्यावी का? चार कावळे, चार पोपट पाडले तर बाकीचे फिरकणार नाहीत ना?

फिरकतील. थव्यातली दहा पाखरे पडली तरी शेजारच्या शिवारातला थवा दुसऱ्या दिवशी तीच जागा घेतो. कावळा त्याहून हुशार. बंदूकवाला माणूस तो चेहऱ्याने ओळखतो. तुम्ही बांधावर आलात की लांबच्या झाडावर बसतो आणि जेवायला घरी गेलात की परत उतरतो.

शिवाय कायदा आता बदलला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा ‘उपद्रवी’ म्हणून होता, त्यामुळे त्याला मारायला हरकत नसे. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३पासून नवी तरतूद लागू झाली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारची अधिसूचना लागते. पोपट पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या लेखी फासे लावणे, विष घालणे, घरटी-अंडी मोडणे हीसुद्धा शिकारच. कोकणात अनेकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. तो परवाना हत्याराचा आहे, पाखरे मारण्याचा नाही.

मग करायचे काय? आधी चोर ओळखा. सकाळी शेतात शिरून दहा-वीस कणसे हातात घेऊन नीट पाहा. दाणा जागेवरच चिरडलेला, बोंडावर पांढरा चीक वाळलेला आणि टरफल तसेच असेल, तर ते काम चिमण्यांचे, मुनियांचे किंवा सुगरणीचे. कणसाचा शेंडा खराट्यासारखा मोकळा झाला असेल आणि आजूबाजूची बरीच कणसे तशीच असतील, तर भोरड्यांचा थवा बसून गेला. कणीसच कुरतडून खाली पडले असेल, अर्धे खाल्लेले, अर्धे वाया, तर तो पोपट. पोपट खातो त्याहून जास्त सांडतो. मक्यात तो शेंड्याकडून पाने सोलत खाली येतो, सूर्यफुलात फुलाच्या कडेवर बसून बी सोलतो आणि टरफलांचा सडा पाडतो. कोण येते ते कळले की ते कधी आणि कुठल्या बाजूने येते, हेही कळते.

भोरडी मध्य आशियातून येते. ऑगस्टपासून दिसू लागते आणि एप्रिलपर्यंत राहते. उजनीच्या परिसरात संध्याकाळी तिचे ढग आभाळात वळताना पाहायला शहरातून माणसे गाड्या करून येतात. ज्यांची ज्वारी तिथे उभी आहे त्यांना त्याचे कौतुक नसते, आणि ते रास्तच आहे. पण हाच पक्षी नाकतोडे आणि टोळ फस्त करतो, हेही तितकेच खरे. रात्री थवा उसात, बाभळीत, पाणथळीच्या गवतात मुक्कामाला असतो. सकाळी शेताजवळच्या झाडावर आधी बसतो, अंदाज घेतो, मग एकदम उतरतो. म्हणून राखण शेताच्या मध्यभागी नको, त्या झाडाच्या बाजूला हवी. थवा झाडावर असतानाच हाकला. एकदा कणसावर बसून चव लागली की उठवायला दुप्पट कष्ट पडतात.

दाणा चिकात आल्यापासून कडक होईपर्यंत साधारण तीन आठवडे जातात आणि नुकसानीचा मोठा वाटा याच काळातला. त्यातही दिवस उगवल्यानंतरचे आणि मावळण्याआधीचे दोन-दोन तास महत्त्वाचे. दुपारी पाखरे सावलीला असतात, तेव्हा माळ्यावर बसून आरोळ्या ठोकण्यात अर्थ नाही. मजूर मिळत नाही ही अडचण खरी आहे. त्यावर जुना उपाय सावडीचा: लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी पाळ्या लावून एकच राखण करायची. गोफणीला दगडाऐवजी मातीचा वाळवलेला गुंडा वापरा, म्हणजे चुकून कुणाला लागला तरी डोके फुटणार नाही. ज्याची ज्वारी शिवारात सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर चिकात येते, त्याच्यावर सगळा थवा तुटून पडतो. पुढच्या वर्षी पेरणीची तारीख शेजाऱ्याशी बोलून ठरवा.

चकाकणारी पट्टी, एका बाजूने लाल आणि दुसरीने चंदेरी, स्वस्त आहे आणि नीट लावली तर चालते. बांबूंना बांधून पिकाच्या वर हातभर, दक्षिणोत्तर ताणा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन तिच्यावर चमकेल. दोन ओळींत पाचेक मीटर अंतर ठेवा. दोन-तीन पीळ द्यायला विसरू नका, कारण पीळ दिलेली पट्टी वाऱ्यात गुणगुणते आणि त्या आवाजाला पाखरे बिचकतात. फक्त आजच लावू नका. दाणा भरण्याआधी लावलेल्या पट्टीला आठ-दहा दिवसांत पाखरे सरावतात. बुजगावण्याचेही तेच, म्हणून त्याची जागा आणि सदरा बदलत राहा. मक्याच्या कडेच्या चार-पाच ओळींतली कणसे त्याच ताटाच्या पानांत गुंडाळून ठेवली तर पोपटाचा त्रास बराच कमी होतो.

कार्बाइड टाकून फोडायची पाइपची बंदूक मात्र घरी बनवू नका. २०२५च्या दिवाळीत भोपाळमध्ये अशाच बंदुकांनी कित्येक मुलांचे डोळे जखमी केले.

आता कावळ्याचे. ज्वारीत त्याचा फारसा त्रास नाही. तो खरा नडतो उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीला, म्हणजे १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या महिन्यात. सरीवर ओळीने टोचे मारल्यासारखे खड्डे दिसले की समजा, कोंब उपसून दाणा नेला. पेरल्यावर फळी फिरवून बी नीट झाका आणि उगवण होईपर्यंतचे आठ-दहा दिवस पहाटे कुणीतरी शेतात ठेवा. मेलेला कावळा टांगायची आपल्याकडे रीत आहे. काळी प्लास्टिकची पिशवी कावळ्याच्या आकाराची बांधून, त्यात सापडलेली दोन पिसे खोचून काठीला उलटी टांगली, तरी काही दिवस तोच परिणाम मिळतो. नांगरामागे हुमणी टिपणारा कावळाही हाच असतो, त्यामुळे उगवण झाली की त्याला शेतात येऊ द्या. हरभऱ्यात तर घाटेअळीसाठी पाखरे बोलवावीच लागतात: हेक्टरी वीसेक पक्षी थांबे रोवा. पुढच्या हंगामात हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली तरी पाखरांना बसायला जागा होते.

विषारी दाण्यांचा विचारही नको. ज्याला आपण थिमेट म्हणतो त्या फोरेटवर २०२०अखेरपासून बंदी आहे, तरी कुठे कुठे ते धान्याला चोळून टाकतात. त्याने मोर मरतात, कोंबड्या मरतात, बांधावरचे कुत्रे मरते आणि कावळा बहुधा वाचतो.

शेतात किंवा गोठ्याजवळ एकाच वेळी अनेक पाखरे मेलेली दिसली, तर उघड्या हाताने उचलू नका, कोंबड्या लगेच आत घ्या. जानेवारी २०२५मध्ये उदगीरला कावळे मेले ते बर्ड फ्लूने. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.