आलं आधी पाण्यात

मोंबासातलं भाड्याचं घर, सकाळी आलेल्या दोन पाहुण्या आणि गॅसवर सुफुरिया. सुफुरिया म्हणजे बिनकानाचं, सपाट बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं. पूर्व आफ्रिकेत ते घरोघरी असतं. प्रस्तुत लेखिकेनं त्यात दूध ओतलं, ते कोमट होताच मूठभर किसलेलं आलं टाकलं आणि आच मंद करून ती गप्पांत बसली. परत येऊन पाहिलं, तर हिरवट पाण्यात दुधाच्या गुठळ्या तरंगत होत्या. दूध शिळं असेल म्हणून तिनं दुसरं पाकीट फोडलं. तेही नासलं.

दुधाचा दोष नव्हता. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं आणि ते दुधातली प्रथिनं तोडतं. साधारण ६० अंश सेल्सिअसला त्याला भलताच जोर चढतो, खळखळ उकळीत मात्र ते निकामी होतं. मंद आचेवर दूध नेमकं त्या नको त्या उष्णतेत रेंगाळलं होतं.

शेजारच्या बीबीनं (स्वाहिलीत आजीला बीबी म्हणतात) एवढंच सांगितलं, की आलं आधी पाण्यात.

चाय या माझिवा, म्हणजे दुधाचा चहा, मसाला घालून केला की चाय या विउंगो होतो. दोन मोठ्या पेल्यांसाठी एक पेला पाणी घ्यावं. त्यात इंचभर ठेचलेलं आलं, तीन-चार वेलच्या, दालचिनीचा लहान तुकडा, चार मिरे आणि दोन लवंगा. पाच-सात मिनिटं चांगलं उकळू द्यावं; घरभर वास सुटला की मसाला उतरला समजावं. मग दोन चमचे चहा. केनियाचा चहा बारीक दाण्यांचा असतो, मिनिटा-दोन मिनिटांत रंग सोडतो. जास्त उकळला तर तुरट होतो. दूध सर्वांत शेवटी, तेही वेगळं तापवून, पेलाभर. म्हशीचं दाट दूध असेल तर पाणी थोडं वाढवावं. साखर मनाजोगती, पण किनाऱ्यावर गोडच पितात.

लवंगेचा हात मात्र आखडताच हवा. तिसरी लवंग पडली की वेलची हरवते, हा अनुभवही लेखिकेनं गाठीला बांधलाय. झांझिबारची लवंग म्हणजे त्या बेटांचं सोनं; १९३७-३८ मध्ये तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांवर लादलेल्या कायद्यांच्या निषेधार्थ भारतात तिच्यावर बहिष्कार पडला होता. मुंबईच्या बाजारालाही ती जुनी ओळखीची.

आता लेखिकेच्या घरी चहा गाळला जातो तेव्हा ताटलीत महामरी असते: नारळाच्या दुधात मळलेली, वेलची घातलेली, तळून टम्म फुगलेली. सोबत म्बाझी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. बीबी महामरी मधोमध फाडते, वाफ जाऊ देते आणि तिच्यात म्बाझी भरूनच पहिला घोट घेते.