मधुमेह आणि आहाराचे नवे पंथ

नाशिक रोड येथे १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस. रेल्वे स्थानक व ही दोन मुद्रणालये यांच्या आधाराने वाढलेल्या या वसाहतीत अनेक घरांचे घड्याळ पाळीप्रमाणे चालत आले आहे. एक जण पहाटे डबा घेऊन निघतो, तर दुसरा मध्यरात्री येऊन पानावर बसतो. अशा घरात आहारविषयक एखादा नवा नियम पोहोचला की पहिला प्रश्न उपस्थित होतो तो असा की, दिवस कोठून मोजावयाचा?

नियमही परस्परविरोधी आहेत. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांद्वारे महाराष्ट्रभर नेला. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, हे त्याचे सार. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी याउलट थोडे थोडे, वरचेवर आणि आपल्या प्रांतातील अन्न खाण्याचा पुरस्कार केला. २०१८ च्या सुमारास या दोन मतांची चर्चा घरोघरी रंगली, आणि लग्नाच्या पंगतीतही दोन तट पडू लागले! वाद वजनाचा होता तोवर त्यात गंमत होती. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत मात्र त्यात धोका आहे.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी जेवणे दोनावर आणली. गोळ्या मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवल्या. रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले व बोलणे असंबद्ध झाले. सोबत्यांना हृदयविकाराची शंका आली. वस्तुतः साखर उतरली होती. इन्सुलिन, तसेच ग्लिमेपिराइड व ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या, पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणीतच राहतात. रक्तशर्करा सत्तर मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये; तत्काळ रुग्णालयात न्यावे.

याचा अर्थ आहाराने काही साधत नाही, असा नव्हे. ब्रिटनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. अत्यल्प उष्मांकाच्या आहाराने वजन घटविल्यावर सुमारे ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षअखेर औषधांवाचून आटोक्यात होता. तथापि त्या सर्वांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात घेतले नव्हते, आणि गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबविल्या होत्या. कानोकानी पसरणाऱ्या सल्ल्यांतून नेमके हेच तपशील गळून पडतात.

आता ताटाकडे वळू. ज्वारीची भाकरी चालते म्हणून चार खाल्ल्या तर त्यातील पिष्टाचेही शेवटी ग्लुकोजच होते. भाकरी एक-दीड, तिच्यासोबत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, वाटीभर पालेभाजी व काकडी-मुळा, असे ताट मांडले की साखर हळूहळू चढते. नाशिकच्या मिसळीतील उसळ निर्दोष. कट बेताने घ्यावा आणि पाव व शेव यांना आवर घालावा. द्राक्षांच्या हंगामात घरात पेटी असली म्हणजे येता-जाता घोस तोडला जातो. मोजून दहा-बारा मणी घेणे वेगळे. एकादशीची साबुदाणा खिचडी हा तर जवळजवळ निव्वळ पिष्टाचा आहार होय. उपवासाच्या नावाखाली साखर वाढते ती अशी.

व्यायामाचा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत निर्धन प्रमेही रुग्णाने शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असे सांगितले आहे. आज विहीर खणण्याची सक्ती नाही! परंतु काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या फारशा मदतीवाचूनही रक्तातील ग्लुकोज ओढून घेतो, हे सिद्ध झाले आहे. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचे मोल मोठे. आठवड्यास एकूण दीडशे मिनिटे भरावीत. पाळीवर जाणाऱ्याने जेवण कितीही वाजता झाले तरी त्याला हे चालणे जोडावे. घड्याळापेक्षा ही जोडी अधिक महत्त्वाची.

पायांची संवेदना गेलेल्यांनी मात्र अनवाणी चालू नये. सप्तशृंगगडाची वाट असो वा श्रावणातील ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, खडा रुतल्याचे त्यांना कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. परतल्यावर तळवे आरशात पाहावेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, तर त्या उंबरठ्यावरील व्यक्तींची १३ कोटी ६० लाख अंदाजिली आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी आरोग्य उपकेंद्रांवर विनामूल्य होते. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेच्या दिवशीच ती ठेवावी, म्हणजे पुरुषमंडळीही सापडतील. आणि चहा वाटण्यापूर्वी, कारण उपाशीपोटीची साखर १२६ वा अधिक आली तर ती पुन्हा तपासून निदान निश्चित करावे लागते, आणि चहानंतरच्या आकड्याला हा निकष लावता येत नाही.